तिऱ्हाईताची छबी
मोठ्या कॅमेऱ्याने केलेल्या व्यक्तिचित्रणाचा एक विचार

१

मराठीत ‘छंद’ हा शब्द दोन भिन्न अर्थांनी रूढ आहे. एखाद्या गोष्टीची अनावर ओढ म्हणजे छंद, आणि काव्यातील मोजून बांधलेली लय म्हणजेही छंद. संस्कृत कोशांत या दोहोंची नोंद वेगळी आढळते : अकारान्त ‘छन्द’ म्हणजे इच्छा, सकारान्त ‘छन्दस्’ म्हणजे वृत्त. मराठीने अंत्य सकार टाकला आणि दोन्ही शब्द एकरूप झाले. हा केवळ ध्वनिपरिवर्तनाचा परिणाम असला, तरी काही छंद असे असतात की त्यांच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकदमच लागू पडतात. तेथे ओढ असते. आणि त्या ओढीला स्वतःहून पत्करलेले मात्रांचे बंधनही असते.

मोठ्या कॅमेऱ्यात सुट्या फिल्मचा एकेक ताव घालून अनोळखी माणसांची व्यक्तिचित्रे काढणे, हा अशा छंदांपैकी एक होय. ज्यांचा चरितार्थ दुसऱ्याच कोणत्या तरी व्यवसायावर चालतो अशी माणसे सुट्टीच्या दिवशी कित्येक किलो वजनाचा कॅमेरा व तिपाई खांद्यावर घेऊन बाहेर पडतात. रस्त्यात, बाजारात वा एखाद्या बागेत भेटलेल्या माणसाला थांबवितात. आणि दिवसाकाठी दोन किंवा चार चित्रे घेऊन परत येतात. खिशातील दूरध्वनी एका मिनिटात पन्नास चित्रे टिपू शकतो अशा काळातही हा छंद टिकून आहे. त्याला निव्वळ जुन्याची आवड म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु तसे केल्यास त्यात गुंतलेला एक गंभीर प्रश्न नजरेआड होतो. ज्याच्याशी आपला कसलाही संबंध नाही अशा माणसाचा चेहरा जवळ बाळगण्याचा आणि इतरांना दाखविण्याचा अधिकार कोणाला, कशाने आणि कितपत प्राप्त होतो, हा तो प्रश्न. प्रस्तुत लेखात त्याचा विचार काही प्रसिद्ध छायाचित्रकारांच्या कृतींच्या आधारे, आणि मुख्यतः भाषेच्या अंगाने, करावयाचा आहे.

२

प्रथम साधनाचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. कारण येथील नीती ही पुष्कळ अंशी साधनाच्या रचनेतूनच उद्भवते. या कॅमेऱ्याची मूळ घडण एकोणिसाव्या शतकापासून फारशी बदललेली नाही. पुढे भिंगाची चौकट, मागे दुधी काचेची चौकट, आणि दोहोंना जोडणारा घडीदार भाता, एवढाच त्याचा संसार. पूर्वी त्यात काचेच्या पट्ट्या वापरीत. पुढे त्यांची जागा सुट्या फिल्मने घेतली. ४ × ५ इंच आणि ८ × १० इंच ही तिची रूढ मापे. ३५ मिलिमीटर फिल्मवरील एका चित्राचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर भरते. ८ × १० इंची तावाचे त्याच्या सुमारे ६० पट असते. कापडाचे विणकाम, पापणीचा केस, नखाखालची माती, ही सर्व त्यावर न मागता उमटतात.

या समृद्धीची किंमत मात्र प्रत्येक वेळी मोजावी लागते. छायाचित्रकार काळ्या कापडाखाली डोके घालून दुधी काचेवर प्रतिमा पाहतो, तेव्हा समोरचा माणूस त्याला खाली डोके वर पाय अशा अवस्थेत आणि डावे-उजवे उलटलेला दिसतो. ८ × १० इंची तावाला साधारणतः ३०० मिलिमीटर नाभ्यंतराचे भिंग लागते. अशा भिंगाचे छिद्र मोठे ठेवल्यास जवळच्या माणसाच्या बाबतीत तीक्ष्णतेची खोली काही इंचांपुरतीच उरते. डोळे स्पष्ट आले तर कान पुसट होतात. म्हणून समोरच्याला ‘जरा असेच थांबा’ अशी विनंती करावी लागते, आणि तो दोन इंच पुढे झुकला तरी सारी मांडणी पुन्हा करावी लागते.

यानंतरची क्रिया विशेष अर्थपूर्ण आहे. प्रतिमा जुळवून झाल्यावर भिंगाचे झाकण मिटावयाचे, छिद्र लहान करावयाचे, फिल्मचा होल्डर काचेच्या पुढे सरकवावयाचा आणि त्यावरील पट्टी ओढून काढावयाची. होल्डर बसला की दुधी काच झाकली जाते. म्हणजे ज्या क्षणी प्रकाश फिल्मवर पडतो, नेमक्या त्या क्षणी छायाचित्रकाराला कॅमेऱ्यातून काहीच दिसत नसते. तो कापडाखालून बाहेर आलेला असतो, कॅमेऱ्याच्या शेजारी उभा असतो, आणि त्याच्यापुढे समोरच्या माणसाकडे प्रत्यक्ष पाहण्याखेरीज दुसरा मार्ग नसतो. लहान कॅमेऱ्यात डोळा आणि यंत्र एकमेकांना चिकटलेले असतात, येथे ते वेगळे होतात. यंत्र आपले काम करते, आणि दोन माणसे एकमेकांसमोर उरतात.

३

अनोळखी माणसाला मराठीत ‘परका’, ‘अपरिचित’ आणि ‘तिऱ्हाईत’ असे शब्द आहेत. त्यांतील ‘तिऱ्हाईत’ हा येथे सर्वांत उद्बोधक आहे. त्यात ‘तीन’ ही संख्या लपलेली आहे. ज्या दोघांत बोलणे वा वाद चालू आहे त्यांच्याखेरीज तिसरा, तो तिऱ्हाईत; आणि त्यावरूनच संबंध नसलेला, परका, हा अर्थ पुढे रूढ झाला. परकेपणाची ही कल्पना मुळात व्याकरणाची आहे. जो ‘मी’ नाही आणि ‘तू’ही नाही, तो परका.

फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमिल बेनव्हेनिस्त याने १९४६ साली क्रियापदातील पुरुषव्यवस्थेचे जे विवेचन केले, ते येथे उपयोगी पडते. प्रथम, द्वितीय आणि तृतीय हे तीन पुरुष एकाच पातळीवरचे नाहीत, असे त्याचे प्रतिपादन आहे. ‘मी’ आणि ‘तू’ हे संभाषणात प्रत्यक्ष उपस्थित असतात, आणि त्यांची अदलाबदल होऊ शकते. आता जो ‘तू’ आहे तो उत्तर देऊ लागताच ‘मी’ होतो. तृतीय पुरुषाला ही शक्यता नाही. तो बोलण्याचा विषय असतो, त्यात सहभागी नसतो. म्हणून त्याला ‘पुरुष’ म्हणणेच बेनव्हेनिस्तला मान्य नाही. अरबी वैयाकरणांनी त्याला ‘अनुपस्थित’ असे नाव दिले होते, याकडेही तो लक्ष वेधतो.

या दृष्टीने पाहता अनोळखी माणसाच्या छायाचित्राचे दोन प्रकार पडतात. पहिल्यात तो तिऱ्हाईतच राहतो. त्याच्या नकळत, त्याच्याविषयी काही म्हटले जाते. दुसऱ्यात त्याला हाक मारली जाते, त्याचा द्वितीय पुरुष होतो, आणि चित्र हे काही अंशी त्याचे उत्तर असते. या दोहोंतील भेद एकाच छायाचित्रकाराच्या कामात पाहावयास मिळतो, ही अभ्यासाच्या दृष्टीने मोठीच सोय म्हटली पाहिजे.

हा छायाचित्रकार म्हणजे अमेरिकेतील वॉकर इव्हान्स. १९३६ च्या उन्हाळ्यात लेखक जेम्स एजी याच्यासमवेत तो अलाबामा राज्यातील हेल परगण्यात गेला, आणि खंडाने जमीन कसणाऱ्या तीन कापूस-शेतकरी कुटुंबांची चित्रे त्याने काढली. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध व्यक्तिचित्र एका शेतकरी स्त्रीचे आहे. आठ-दहा इंची कॅमेरा, मागे घराच्या भिंतीच्या आडव्या फळ्या, आणि थेट पाहणारे दोन डोळे. तिचे ओठ किंचित आत ओढलेले आहेत. तिला आपले चित्र काढले जात आहे हे पुरते ठाऊक आहे, आणि त्या जाणिवेचे काय करावे हा तिचा विचार चेहऱ्यावर उमटला आहे. १९३८ ते १९४१ या काळात याच इव्हान्सने न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत दुसराच प्रयोग केला. ३५ मिलिमीटरचा कॅमेरा कोटाखाली लपवून, दोन गुंड्यांमधून भिंग डोकावेल अशी व्यवस्था करून, त्याने समोरच्या बाकावरील प्रवाशांची चित्रे त्यांच्या नकळत घेतली. प्रवासात माणसाचा मुखवटा गळून पडतो, आणि खरा चेहरा तेव्हाच दिसतो, ही त्यामागील धारणा होती. ही चित्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली ती १९६६ साली. एवढा काळ ती थांबवून ठेवावी लागली, यातच त्या पद्धतीविषयी बरेच काही सांगितले गेले आहे.

४

भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना हा पेच नवा नाही. लोक आपण ऐकत नसताना कसे बोलतात हे जाणून घ्यावयाचे असते, आणि ते जाणण्याचा मार्ग तर ऐकणे हाच असतो. विल्यम लबॉव्ह याने यालाच निरीक्षकाचा विरोधाभास म्हटले आहे. त्यातून सुटण्यासाठी त्याने १९६२ साली न्यूयॉर्कमधील तीन मोठ्या दुकानांत एक युक्ती केली. ज्या वस्तूंचा विभाग चौथ्या मजल्यावर आहे त्यांची चौकशी तो विक्रेत्यांजवळ करी. उत्तरात ‘फोर्थ फ्लोर’ हे दोन शब्द येत, आणि त्यांतील रकाराचा उच्चार होतो की नाही याची नोंद तो बाजूला जाऊन करी. अशा २६४ व्यक्तींच्या उच्चारांवरून त्याने समाजस्तर आणि उच्चार यांचा संबंध दाखविला. त्या विक्रेत्यांना मात्र आपण एका संशोधनाचे विषय झालो हे कळले नाही.

लबॉव्हचा प्रयोग आणि इव्हान्सचा लपविलेला कॅमेरा यांत पद्धतीचे साम्य आहे. तथापि दोहोंत एक महत्त्वाचा फरकही आहे. लबॉव्हने नोंदला तो एक ध्वनी. विक्रेत्याची ओळख त्यातून नाहीशी झाली, आणि ती नाहीशी होणे हेच त्या नोंदीचे समर्थन होय. छायाचित्रात उलट घडते. त्यातून सारे काही वगळले तरी चेहरा उरतो. गणनेत विरून जाणे चेहऱ्याला शक्य नसते. त्यामुळे नकळत घेतलेल्या उच्चाराला जी सवलत देता येईल ती नकळत घेतलेल्या चेहऱ्याला देता येत नाही.

येथे असा आक्षेप संभवतो, की सांगून काढलेल्या चित्रात माणूस सावध होतो, छाती काढून उभा राहतो, आणि सत्य हरवते. या आक्षेपात सत्याची एक विशिष्ट कल्पना गृहीत धरलेली आहे : माणूस एकटा असतो तेव्हाच तो खरा असतो, ही ती कल्पना. भाषेचा अनुभव तिला पुष्टी देत नाही. सासऱ्याशी बोलताना, वरिष्ठांशी बोलताना, लेकराशी बोलताना आपली भाषा बदलते. त्यांपैकी कोणतीही एक खरी आणि उरलेल्या खोट्या असे कोणी म्हणत नाही. आपण कोणासमोर कसे उभे राहावे याची निवड हाही माणसाच्या स्वभावाचाच भाग होय. मोठ्या कॅमेऱ्यासमोर ही निवड करण्यास वेळ मिळतो. शिवाय तो वेळ इतका लांबतो, की पहिला आणलेला आव फार काळ टिकत नाही. तो ओसरतो, आणि मग जे उरते तेही फिल्मवर येते. अलाबामातील त्या स्त्रीच्या चेहऱ्यात हे दोन्ही एकत्र दिसतात, आणि भुयारी रेल्वेतील बहुतेक चेहऱ्यांहून तो अधिक काळ स्मरणात राहतो.

५

हाक मारणे म्हणजे प्रत्यक्षात काही शब्द उच्चारणे. त्या शब्दांकडे छायाचित्रणाच्या समीक्षेत सहसा कोणी पाहत नाही. इंग्रजीत फोटो ‘घेतला’ जातो; मराठीत तो ‘काढला’ जातो. काढणे या धातूचा विस्तार मोठा आहे : पाणी काढावे, काटा काढावा, चित्र काढावे, खोडी काढावी, समजूतही काढावी. आत जे आहे ते बाहेर आणणे हा त्यांतील समान धागा बऱ्याच ठिकाणी जाणवतो. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की ‘फोटो काढणे’ या प्रयोगाचा कर्ता मराठीत दुहेरी असू शकतो. ‘आम्ही दोघांनी मुंबईला फोटो काढला’ या वाक्यात कॅमेरा कोणाच्या हाती होता हे वाक्यावरून सांगता येत नाही. बहुधा बोलणारे दोघे स्टुडिओत समोर बसले होते. तरी कर्तृत्व त्यांचेच. ते अधिक स्पष्ट करावयाचे असेल तेव्हा ‘काढून घेतला’ असे म्हणतात, आणि त्यात लाभ कोणाचा तेही सांगून टाकतात.

अनोळखी माणसाला थांबवून ‘आपला एक फोटो काढू का?’ असे विचारले जाते, तेव्हा ‘काढू’ हे रूप प्रथम पुरुषाचे असले तरी क्रिया पुरी करण्याचा अधिकार ऐकणाऱ्याकडे सोपविलेला असतो. ‘फोटो काढतो हं’ या वाक्यात तो सोपविलेला नसतो. दोन वाक्यांत अंतर एका प्रत्ययाचे. परंतु त्या अंतरावर साऱ्या चित्राचा नूर ठरतो. मोठ्या कॅमेऱ्याचा एक गुण असा, की दुसरे वाक्य त्याला परवडत नाही. नाखूश माणूस क्षणभर खिळवता येईल, पण भाता मागेपुढे करून, झाकण मिटून, पट्टी ओढून होईपर्यंत तो थांबणार नाही. नकार देण्यास पुरेसा अवकाश या पद्धतीत आपोआपच राहतो, आणि ज्याला नकार देता आला असता त्याचाच होकार अर्थपूर्ण असतो.

६

चित्र काढून झाले की त्याला नाव द्यावे लागते. नाव देण्याच्या या कृतीत तो माणूस पुनश्च तृतीय पुरुष होतो. आता त्याच्याविषयी इतरांना सांगावयाचे असते. म्हणून चित्राखालील ओळ ही या कलेची खरी कसोटी आहे.

या बाबतीत मुंबईचा इतिहास विसरता येत नाही. विल्यम जॉन्सन याने १८६३ आणि १८६६ साली दोन खंडांत मुंबईतील ‘जाती व जमाती’ दाखविणारी छायाचित्रे प्रसिद्ध केली. त्यांत माणसांचे गट एके ठिकाणी टिपलेले आणि मागचा देखावा दुसरीकडचा, अशी जोडणी केलेली आढळते. त्यानंतर १८६८ ते १८७५ या काळात ‘दि पीपल ऑफ इंडिया’ या सरकारी ग्रंथाचे आठ खंड निघाले. त्यातील साडेचारशेहून अधिक चित्रांखाली सामान्यतः जातीचे वा जमातीचे नाव, आणि सोबत त्या समूहाच्या स्वभावाविषयी राज्यकर्त्यांना उपयोगी पडेल असा मजकूर, अशी योजना आहे. कॅमेरा मोठाच होता. समोरच्यांना स्थिर बसवावेच लागले असणार. तरीही तेथे हाक नाही. यावरून असे दिसते, की साधनाची रचना संभाषणाची संधी देते, हमी देत नाही. एका माणसाच्या चेहऱ्याखाली सामान्यनाम लिहिले, की तो चेहरा उदाहरणापुरता उरतो.

कोलोन येथील आउगुस्ट झांडर याचा विचार याच संदर्भात करावा लागतो. १८७६ साली जन्मलेल्या या छायाचित्रकाराचा चरितार्थ स्टुडिओवर चालत असे. परंतु विसाव्या शतकातील माणसांची सात गटांत आणि पंचेचाळीस संचांत मांडणी करण्याचा जो संकल्प त्याने आयुष्यभर वाहिला, तो त्याला कोणी सांगितलेला नव्हता. या अर्थी तो छंदच होय. त्याचीही नावे सामान्यनामेच आहेत : मिठाईवाला, विटा वाहणारा बिगारी, शेतकरी. मग जॉन्सनहून तो वेगळा कसा? उत्तर चित्रातच आहे. १९२८ सालचा तो मिठाईवाला भांडे आणि पळी हाती धरून असा उभा आहे, की आपल्या धंद्याचे प्रतिनिधित्व करण्याचे काम त्याने स्वतःच स्वीकारले आहे असे वाटावे. ‘मिठाईवाला’ हे त्याच्यावर लादलेले नाव वाटत नाही, तो स्वतःच ते उच्चारतो आहे असे वाटते. शिवाय झांडरच्या मांडणीत उद्योगपती आणि भिकारी यांना एकाच अंतरावरून, एकाच गांभीर्याने पाहिलेले आहे. त्याच्या ६० चित्रांचे पुस्तक १९२९ साली निघाले, आणि १९३६ साली नाझी राजवटीने त्याचे छपाईचे ठसे नष्ट केले. माणसांचे वर्गीकरण त्या राजवटीलाही हवेच होते. पण प्रत्येक वर्गातील माणूस असा समोरून पाहतो आहे, हे तिला सोसले नाही असे म्हणता येईल. पुढे १९३८ च्या सुमारास कोलोनमधील ज्यू नागरिकांची ओळखपत्रासाठी काढलेली व्यक्तिचित्रे झांडरने आपल्या महासंग्रहात ‘छळाचे बळी’ म्हणून समाविष्ट केली. वर्गनामाचे सामर्थ्य आणि त्याचा धोका हे दोन्ही त्या एका संचात एकवटले आहेत.

याच्या उलट टोकाला रिचर्ड ॲव्हेडन आहे. १९७९ ते १९८४ या सहा उन्हाळ्यांत फोर्ट वर्थ येथील एमन कार्टर संग्रहालयासाठी त्याने अमेरिकेच्या पश्चिम भागातील खाणकामगार, ट्रकचालक, खानावळीतील वाढपिणी, भटके यांची चित्रे काढली. आठ-दहा इंची डिअरडॉर्फ कॅमेरा, सावलीतील भिंतीवर चिकटविलेला पांढरा कागद, आणि भिंगाच्या अगदी शेजारी उभा असलेला ॲव्हेडन. एकूण ७५२ व्यक्तींची चित्रे घेण्यात आली आणि सुमारे १७,००० ताव खर्ची पडले. म्हणजे माणशी सरासरी बावीसहून अधिक. त्यांतून निवडली गेली ती सव्वाशेच्या आसपास. प्रत्येक चित्राखाली नाव, व्यवसाय, गाव आणि तारीख आहे. विशेषनाम दिले, म्हणजे माणसाचा मान राखला, असे वाटणे साहजिक आहे. तथापि १९८५ च्या प्रदर्शनानंतर या चित्रांवर जो आक्षेप घेतला गेला, तो निराधार नव्हता. पांढऱ्या कागदाने माणसाभोवतीचा सारा परिसर पुसून टाकला. चित्रे पुरुषभर किंवा त्याहूनही मोठी केली. आणि बावीसांतून एक निवडण्याचा अधिकार पूर्णपणे छायाचित्रकाराकडे राहिला. संभाषणात एकाने बावीस वाक्ये बोलावीत आणि दुसऱ्याने त्यांतील एकच, तेही आपल्या सोयीचे, लोकांना सांगावे, असे ते झाले. नाव खरे आहे, चेहरा खरा आहे. परंतु शेवटचा शब्द एकाच बाजूचा आहे.

तिसरा मार्ग हॉलंडची रिनेके डाइक्स्ट्रा हिने धरला. समुद्रकिनाऱ्यावरील किशोरवयीन मुलामुलींची जी चित्रे तिने १९९२ पासून ४ × ५ इंची फिल्मवर काढली, त्यांच्या खाली केवळ स्थळ आणि दिनांक आहे. पेनसिल्व्हेनियात १९४६ साली जन्मलेली जूडिथ जॉय रॉस हिची पद्धतही याच्या जवळची आहे. वडिलांच्या मृत्यूनंतर, १९८२ साली, लहानपणी ज्या युराना पार्कमध्ये ती जात असे तेथे तिने आठ-दहा इंची कॅमेरा नेला आणि तेथे खेळणाऱ्या अपरिचित मुलांची चित्रे काढली. नाव नाही, वर्गही नाही. ‘येथे’ आणि ‘तेव्हा’ एवढेच. स्थळ व दिनांक यांचा निर्देश संभाषणाच्या प्रसंगाकडे होतो. माणूस कोण होता हे न सांगता, भेट कोठे आणि केव्हा झाली हे तो सांगतो. मुलांच्या बाबतीत नाव राखून ठेवण्यात एक प्रकारचे संरक्षणही आहे. रॉसची चित्रे मोठी केलेली नसतात. ऋणप्रत थेट कागदावर ठेवून, उजेडात छापून, तिच्याच मापाची ती केलेली असतात. हातात धरून पाहावी एवढीच ती असतात, आणि पाहणाऱ्यालाही समोरच्या चेहऱ्याशी बोलण्याच्या अंतरावर यावे लागते.

७

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. इव्हान्सच्या मागे सरकारी खाते आणि मासिक होते, ॲव्हेडनच्या मागे संग्रहालय होते. हौशी छायाचित्रकाराच्या मागे काहीच नसते. ‘हौसेला मोल नाही’ अशी आपली म्हण आहे, आणि तिचा अर्थ बहुधा खर्चाच्या अंगाने घेतला जातो. परंतु हौशी माणसाजवळ दाखविण्यासारखे दुसरे मोलच नसते, हाही अर्थ त्यात वाचता येतो. ‘हे कशासाठी?’ या प्रश्नाला त्याच्यापाशी एकच उत्तर असते : आपला चेहरा पाहिला आणि थांबावेसे वाटले. हे उत्तर दुबळे आहे. पण त्यात कोणतीही संस्था बोलत नाही, एक माणूस दुसऱ्या माणसाशी बोलतो. उत्तर न पटल्यास समोरचा निघून जाऊ शकतो. छायाचित्रणाच्या इतिहासात इतका असहाय प्रथम पुरुष क्वचितच आढळतो, आणि ही असहायता हेच त्याचे नैतिक भांडवल होय.

याला मर्यादाही आहेत, आणि त्या लपविणे बरोबर होणार नाही. हौशी माणूसही निवड करतो. रस्त्यावर त्याचा डोळा सुरकुतलेल्या चेहऱ्यावर, फाटक्या कपड्यावर, वेगळ्या पोशाखावर अधिक खिळतो. सुस्थितीतील माणसाला थांबविण्यास तो कचरतो. गरिबाला नकार देणे अवघड जाते, हे त्याला मनोमन ठाऊक असते. ‘आपण’ म्हणून हाक मारली तरी हाक कोणाला मारावयाची हे एकाच बाजूने ठरते, आणि ज्युलिया मार्गारेट कॅमेरनपासून हे असेच चालत आले आहे. कलकत्त्यास जन्मलेली ही बाई १८६३ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मुलीने भेट दिलेल्या कॅमेऱ्याने हौसेखातर चित्रे काढू लागली. तिच्या चित्रांत नामवंत कवी आणि शास्त्रज्ञ स्वतःच्या नावाने येतात. घरातील मोलकरणी मात्र बहुधा मेरी मातेच्या किंवा एखाद्या काव्यातील नायिकेच्या नावाने येतात. वृद्धापकाळी सिलोनमध्ये काढलेल्या चित्रांत तर कळुताऱ्याचे शेतकरी एवढाच उल्लेख पुरतो. हौस निरागस असते, पण ती समाजाबाहेर नसते.

म्हणून अशा चित्रांचे मूल्यमापन करताना समीक्षेने तीन प्रश्न विचारावेत. पहिला : चित्रातील माणूस पाहणाऱ्याला काही उत्तर देतो आहे, की त्याच्याविषयी नुसते काही सांगितले जात आहे? दुसरा : चित्राखालच्या ओळीत त्याला जे नाव दिले ते त्याने स्वतः उच्चारले असते काय? तिसरा प्रश्न कलाबाह्य मानला जातो, पण तो तसा नाही : चित्राची प्रत त्या माणसापर्यंत परत गेली काय? अलाबामातील त्या कुटुंबांच्या काही वंशजांनी पुढे या चित्रांविषयी कडवटपणा व्यक्त केला. त्यांच्या घरचे दारिद्र्य जगप्रसिद्ध झाले होते, आणि त्या प्रसिद्धीत त्यांना बोलण्यास जागा नव्हती. ते चित्र थोर आहे यात शंका नाही. परंतु ज्या उत्तराने ते थोर झाले, त्या उत्तराला प्रत्युत्तर देणे राहून गेले.

प्रत देणे हे उपकाराचे कृत्य नव्हे. बेनव्हेनिस्तने सांगितलेली ‘मी’ आणि ‘तू’ यांची अदलाबदल त्यामुळे पुरी होते. प्रत हाती आली की तो माणूस ती भिंतीवर लावू शकतो, पेटीत ठेवू शकतो, फाडू शकतो, किंवा ‘हा मी नव्हे’ असे म्हणू शकतो. त्या क्षणी बोलणारा तो असतो, आणि छायाचित्रकार ऐकणारा. तिऱ्हाईत या शब्दातील तिसरेपण त्या वेळेपुरते गळून पडते. मोठ्या कॅमेऱ्याचा छंद हे साधू शकतो, याचे कारण त्याची संथ गती. दिवसाला दोन चित्रे काढणाऱ्याला त्या दोघांचे पत्ते लिहून घेणे आणि महिन्याभरात दोन प्रती पाठविणे शक्य असते. पन्नास चित्रे टिपणाऱ्याला ते शक्य नसते. वृत्तातील मात्रांचे बंधन कवीला जसे प्रत्येक शब्दापाशी थांबवते, तसे हे बंधन छायाचित्रकाराला प्रत्येक माणसापाशी थांबवते. जो तेथे खरोखर थांबला नाही, त्याच्या हाती कॅमेरा मोठा असूनही चित्र तिऱ्हाईताचेच राहते.